आंबाडुंगर (फ्लोरस्पार खाण)

आंबाडुंगर हा गुजरातच्या छोटाउदेपूर जिल्ह्यात, कवांट तालुक्यात, नर्मदेच्या उत्तरेस असलेला हातातल्या कड्यासारखा गोल डोंगर. त्याच्या उतारांवर फ्लोरस्पारची, म्हणजे फ्लोराइट या खनिजाची, उघडी खाण आहे आणि जवळच कडीपाणी येथे खनिज शुद्ध करण्याचा कारखाना आहे. २०१३ मध्ये नवा जिल्हा झाला, तोपर्यंत हा मुलूख वडोदरा जिल्ह्यात मोडत असे, त्यामुळे जुन्या अहवालांत खाणीचा पत्ता बडोद्याचाच सापडतो. संस्थानी काळात मात्र येथे गायकवाडांचे थेट राज्य नव्हते. छोटाउदेपूर हे चौहानांचे वेगळे संस्थान होते आणि ते गायकवाडांना खंडणी भरत असे. वस्ती मुख्यतः राठवा आदिवासींची, घरांच्या भिंतींवर पिठोरा रंगवणाऱ्यांची.

खाणीपेक्षा डोंगराची गोष्ट मोठी आहे. या भागात चुनखडी नवलाची नाही. शेजारच्या मध्य प्रदेशातील बाघ परिसरात क्रिटेशस या डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातल्या समुद्राने टाकलेले चुनखडक व वालुकाश्म आहेत, आणि त्यांत शिंपल्यांचे, समुद्री साळिंदरांचे जीवाश्म मिळतात. भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी नेमावर ते कवांट या नर्मदाकाठच्या पट्ट्याचे भूवर्णन १८८४ साली प्रसिद्ध केले होते. पण आंबाडुंगरावरचा पांढरा-करडा खडक बाघच्या चुनखडीचा भाऊबंद नाही. तो शिलारसापासून थिजलेला खडक आहे, हे सुखेश्वाला आणि उदास या भूवैज्ञानिकांनी १९६३ मध्ये मांडले. अशा खडकाला कार्बोनेटाइट म्हणतात. त्यात निम्म्याहून अधिक भाग कार्बोनेट खनिजांचा असतो.

चुनखडी आणि कार्बोनेटाइट या दोन्हींवर विरल आम्ल टाकले तरी दोन्ही सारखेच फसफसतात, त्यामुळे नुसत्या आम्लाने निवाडा होत नाही. निवाडा होतो तो खडकाच्या वागण्यावरून. गाळाची चुनखडी थरांत पसरते. इथला खडक भोवतालच्या वालुकाश्माला भेदून वर आला आहे आणि कडे करून उभा आहे. कड्याच्या आतल्या बाजूला फुटलेल्या खडकांचे तुकडे कार्बोनेटाइटमध्ये सांधले गेले आहेत, मध्यभागी सखल जागेत बेसाल्ट आहे, आणि बाहेरच्या वालुकाश्मात अल्कधर्मी द्रवांनी शिरून त्याचे फेनाइटमध्ये रूपांतर केले आहे. जीवाश्मांऐवजी फॉस्फरस असलेले ॲपटाइट, मॅग्नेटाइट आणि निओबियम हा धातू धारण करणारे पायरोक्लोर ही खनिजे सापडतात. त्या काळी कार्बोनेटाइटचा शिलारस असू शकतो ही गोष्टच ताजी होती. टांझानियातील ओल्डोइन्यो लेंगाई ज्वालामुखीतून कार्बोनेटचा लाव्हा वाहताना भूवैज्ञानिकांनी १९६० मध्ये पाहिला आणि असा शिलारस असतो की नाही हा जुना वाद बराचसा मिटला. आंबाडुंगरची ओळख लगेच तीन वर्षांनी पटली, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याच्या पद्धतीने डोंगराचे वय सुमारे ६.५ कोटी वर्षे येते. दख्खनच्या लाव्ह्याचा बहर ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे हा त्याच ज्वालामुखी कालखंडाचा उत्तरार्ध.

फ्लोराइट म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड. ते शिलारसातून नव्हे, तर सर्व थंडावत आल्यावर फटींतून फिरणाऱ्या गरम पाण्यातून जमले, मुख्यतः कार्बोनेटाइट व वालुकाश्म यांच्या सीमेवर. पोकळ्यांत जांभळे व रंगहीन घन मिळतात. असा घन हातोडीने हलके ठोकला तर त्याचे कोपरे तिरके उडतात आणि आतला अष्टफलक उघडा पडतो. स्फटिकात अडकलेले द्रवाचे सूक्ष्म थेंब भूवैज्ञानिक एडविन रोडर यांनी तपासले, त्यावरून ते पाणी फार तापलेले नव्हते असे दिसते.

साठा सुमारे १.१६ कोटी टन आणि त्यात फ्लोराइट सरासरी ३० टक्के, हा आकडा साहित्यात सर्वत्र येतो. खाणीचे सारे रडगाणे याच ३० टक्क्यांत आहे. हायड्रोफ्लोरिक आम्लासाठी साधारण ९७ टक्के शुद्ध माल लागतो. वाया काहीच गेले नाही असे धरले तरी एक टन मालासाठी सव्वातीन टन दगड फोडून दळावा लागतो. मग फ्रॉथ फ्लोटेशन : भुकटी पाण्यात मिसळून तेलकट रसायन घातले की फ्लोराइटचे कण फेसाबरोबर वर येतात आणि गारगोटी खाली राहते. पण कॅल्साइटलाही, म्हणजे चुनखडीच्या मुख्य खनिजालाही, हीच सवय, तेही फेसाला चिकटते, आणि हा डोंगर तर कॅल्साइटचाच. ॲपटाइटमुळे फॉस्फरसचा त्रास वेगळा. पोलादाच्या भट्टीत धातुमळी पातळ करायला कमी शुद्ध माल चालतो.

हे काम १९६३ मध्येच स्थापन झालेल्या गुजरात खनिज विकास महामंडळाकडे आले. सुरत व हालोल परिसरात फ्लोरिन रसायनांचे मोठे उद्योग उभे राहिले, पण भारत आजही बहुतांश फ्लोरस्पार आयातच करतो. परिसरातल्या आदिवासी गावांत दातांवर डाग पडण्याच्या तक्रारीही नोंदल्या गेल्या आहेत. खनिजात फ्लोराइड असेल तिथे विहिरीच्या पाण्याची तपासणी टाळता येत नाही.

अलीकडे चर्चा आहे ती विरल मृदा मूलद्रव्यांची (रेअर अर्थ). लोहयुक्त, सर्वांत उशिरा आलेल्या कार्बोनेटाइटमध्ये बास्टनेसाइट, मोनाझाइट यांसारखी खनिजे आहेत, आणि महामंडळाने त्यांसाठी प्रकल्प हाती घेतला आहे. खनिजांचे कण फार बारीक असल्यामुळे ती वेगळी करणे हे फ्लोराइटच्या कामापेक्षा अवघड ठरणार.