व्यूहात्मक स्वायत्तता आणि नवी मुंबई

व्यूहात्मक स्वायत्तता : कोणत्याही महासत्तेच्या गोटात कायमचे सामील न होता प्रत्येक प्रश्नावर राष्ट्रहित पाहून निर्णय घेण्याची मुभा राखणारे परराष्ट्र धोरण. भारताच्या सध्याच्या धोरणाचे वर्णन बहुधा याच संज्ञेने केले जाते. या धोरणाचा लाभ कोणाला होतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे दिल्लीतून निघणाऱ्या संयुक्त निवेदनांपेक्षा न्हावा शेवा बंदरात आणि वाशीच्या घाऊक बाजारात अधिक स्पष्ट दिसते. म्हणून प्रस्तुत नोंदीत नवी मुंबई परिसराच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

या धोरणाचे मूळ शीतयुद्धात अमेरिकी व सोव्हिएत या दोन्ही गटांपासून दूर राहणाऱ्या अलिप्ततावादात आहे. १९५४ चा पंचशील करार, १९५५ ची बांडुंग परिषद आणि १९६१ ची बेलग्रेड परिषद हे त्याचे सुरुवातीचे टप्पे होत. अलिप्तता म्हणजे तटस्थता नव्हे, हे ऑगस्ट १९७१ मधील भारत-सोव्हिएत मैत्री कराराने दाखवून दिले. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर भारताने अमेरिकेशी संबंध वाढवले आणि २००८ मध्ये नागरी अणुकरार झाला. मात्र रशियाकडून शस्त्रखरेदी थांबली नाही. आज भारत अमेरिका, जपान व ऑस्ट्रेलियासोबतच्या क्वाड गटातही आहे आणि रशिया व चीन सदस्य असलेल्या ब्रिक्स व शांघाय सहकार्य संघटनेतही. एकाच वेळी इतक्या पंगतींना बसणारा देश विरळा.

न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्यासाठी आणि नवी मुंबईसाठी आगरी-कोळी गावांच्या जमिनी गेल्या, आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. अलिप्ततावादाच्या शिल्पकाराचे नाव मिळालेल्या या बंदरातच देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल १९९९ मध्ये उभे राहिले, आणि तेही परदेशी कंपनीच्या हाती. पी अँड ओ ही ती कंपनी दुबईच्या डीपी वर्ल्डने २००६ मध्ये विकत घेतली, तेव्हा तिच्याकडील अमेरिकी बंदरे अरब कंपनीकडे जाऊ नयेत यासाठी अमेरिकी काँग्रेसमध्ये एवढा गदारोळ झाला की डीपी वर्ल्डला तेथील टर्मिनले विकावी लागली. न्हावा शेवात मात्र तीच कंपनी आजही काम करते. शेजारी डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचे आणि सिंगापूरच्या पीएसएचे टर्मिनल आहे. चिनी कंपनीचे एकही नाही. शिवडीहून इकडे येणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू (२०२४) जपानी कर्जाच्या साहाय्याने बांधला गेला. भारत कोणावर किती विश्वास ठेवतो, याचा हा नकाशाच म्हणता येईल. २०२४-२५ मध्ये या बंदराने सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या मापात, इतकी मालवाहतूक हाताळली.

बंदराचा परराष्ट्र धोरणाशी याहून थेट संबंधही आला. इराणमधील चाबहार बंदराच्या विकासासाठी २०१५ मध्ये स्थापन झालेली ‘इंडिया पोर्ट्स ग्लोबल’ ही कंपनी मुळात जवाहरलाल नेहरू पोर्ट ट्रस्ट आणि कांडला पोर्ट ट्रस्ट यांचा संयुक्त उपक्रम होती. पाकिस्तानला वळसा घालून अफगाणिस्तान व मध्य आशियात पोहोचणे, हा त्यामागचा हेतू. २०१८ मध्ये अमेरिकेने इराणवर निर्बंध लादताना चाबहारला सवलत दिली. मे २०२४ मध्ये भारताने इराणशी दहा वर्षांचा करार केला. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने ती सवलत काढून घेण्याचे जाहीर केले आणि नंतर सहा महिन्यांची मुदत दिली. स्वायत्त म्हणवणारा निर्णयही दुसऱ्याच्या सवलतीवर उभा असू शकतो, एवढे यातून दिसते.

नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा युरोपकडे जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला, भाडे व विमा वाढला, आणि निर्यातदारांच्या हिशेबाची घडी विस्कटली. अमेरिकेच्या नेतृत्वाखालील नौदल मोहिमेत भारत सामील झाला नाही. त्याने अरबी समुद्रात आणि एडनच्या आखाताच्या परिसरात स्वतःच्या युद्धनौका तैनात केल्या. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ या अपहृत जहाजावरील १७ खलाशांची सुटका करून ३५ सोमाली चाच्यांना मुंबईत आणले गेले. भारताने एकट्याने केलेल्या या कामगिरीचा लाभ सर्वच देशांच्या जहाजांना झाला, आणि नेतृत्वाचा दावा अशाच कामांनी टिकाऊ होतो.

रशियाच्या बाबतीत हिशेब इतका सरळ नाही. २ मार्च २०२२ रोजी युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतील ठरावावरील मतदानात तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत भारत होता. पुढे स्वस्त रशियन तेलाची आयात वाढली, आणि ते कारण पुढे करून अमेरिकेने जादा आयातशुल्क लावल्याने २७ ऑगस्ट २०२५ पासून अनेक भारतीय वस्तूंवरील एकूण शुल्क ५० टक्क्यांवर गेले. तेलाचा फायदा शुद्धीकरण कारखान्यांच्या ताळेबंदात दिसला, शुल्काचा फटका मात्र कोळंबी, कपडे आणि दागिने पाठवणाऱ्यांना बसला.

वाशीतील हापूसची कथाही या संदर्भात सांगण्याजोगी आहे. अमेरिकेची बाजारपेठ भारतीय आंब्याला २००७ मध्ये खुली झाली, ती अणुकराराच्या वाटाघाटी चालू असतानाच्या सलोख्यातून. कोयीत दडणाऱ्या भुंग्याचा बंदोबस्त व्हावा म्हणून फळांवर किमान ४०० ग्रे (विकिरणाची मात्रा मोजण्याचे एकक) इतके विकिरण करावे लागते. वाशीतील राज्य कृषी पणन मंडळाच्या केंद्रात ही प्रक्रिया अमेरिकी कृषी खात्याच्या निरीक्षकाच्या नजरेखाली होते, आणि तो आला नाही तर निर्यात होत नाही. २०२० आणि २०२१ च्या हंगामांत नेमके तेच घडले. जानेवारी २०२२ मध्ये आंबा व डाळिंबाच्या बदल्यात अमेरिकी चेरी आणि अल्फाल्फा हा सुका चारा भारतात येऊ देण्याचे ठरले. मे २०२५ मध्ये कागदपत्रांतील त्रुटीवरून आंब्याच्या पंधरा खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. माल परत आणणे परवडणारे नव्हते; तो तिथेच नष्ट करावा लागला.

जागतिक नेतृत्वाच्या दाव्याची खरी परीक्षा मात्र शेजाऱ्यांशी होते. २०२३ मध्ये जी-२० च्या अध्यक्षपदी असताना भारताने आफ्रिकी संघाला त्या गटाचे सदस्यत्व मिळवून दिले आणि आपण विकसनशील देशांचा आवाज असल्याचे सांगितले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला देशातील भाव आवरण्यासाठी कांद्याची निर्यात बंद झाली. लोणंद-लासलगावकडून आलेले कंटेनर न्हावा शेवात अडकले आणि घाऊक बाजारात भाव कोसळले. बंदी मे २०२४ मध्ये उठली. दरम्यान बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, मॉरिशस अशा देशांना सरकारी पातळीवर ठरावीक कोटा दिला गेला, म्हणजे कांदा कोणाला मिळणार हे परराष्ट्र धोरणाने ठरवले. २०१९ च्या अशाच बंदीनंतर दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी, आपण स्वयंपाक्याला कांदा न वापरण्यास सांगितले आहे, असे हसत हसत सुनावले होते आणि निदान आधी कळवत तरी जा, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. लशींचेही असेच झाले : जानेवारी २०२१ मध्ये गाजावाजा करून सुरू झालेली ‘व्हॅक्सिन मैत्री’ दुसऱ्या लाटेत थांबली आणि भारतावर विसंबलेल्या गरीब देशांना ताटकळावे लागले. घरच्यांना आधी देणे चूक नव्हते. परंतु प्रत्येक बंदीनंतर बांगलादेशचे आयातदार इजिप्त, तुर्की, चीन आणि पाकिस्तान येथील कांद्याकडे वळू लागले, आणि बांगलादेशातले शेतकरी स्वतःचे उत्पादन वाढवण्याच्या मागे लागले.