दोष प्रोसेसरचा नाही, तबकडीचा

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात तो नेला, तर निदान तयारच होतं: "मशीन म्हातारं झालं साहेब, प्रोसेसर थकला. नवीनच घ्या." हेच वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता लिहायलाच हवं. प्रोसेसर थकत नाही. त्याचा ठोका क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालतो. आठ वर्षांपूर्वी जो ठोका सेकंदाला ३ अब्ज वेळा पडत होता, तो आजही तितक्याच वेळा पडतो. पंख्यात धूळ साचून चिप तापली तर ती आपला वेग उतरवते, हे खरं. पण सकाळी बटण दाबताना यंत्र थंडच असतं.

मग पाच मिनिटं जातात कुठे? मुख्यतः तबकडीची वाट पाहण्यात.

जुन्या कॉम्प्युटरमधल्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या गरगर फिरत असतात आणि त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतर राखून माहिती वाचणारं-लिहिणारं हेड तरंगत असतं. १९५६ मध्ये आयबीएमने रामॅक यंत्रासोबत पहिली डिस्क आणली, तिच्यात २४ इंची ५० तबकड्या होत्या. आकार लहान झाला, तत्त्व तेच राहिलं. माहिती वाचायची तर आधी हेडला योग्य वर्तुळावर सरकावं लागतं. याला साधारण ९ मिलिसेकंद लागतात. मग हवा तो भाग फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत थांबायचं. मिनिटाला ७,२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२०, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. कधी तो भाग लगेच येतो, कधी नुकताच निघून गेलेला असतो. सरासरी अर्धी फेरी धरा, ४.२ मिलिसेकंद. एकूण झाले १३.

१३ मिलिसेकंद आपल्याला कळतही नाहीत. पण तेवढ्यात ३ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर जवळपास चार कोटी ठोके घेतो, आणि तो ज्या माहितीसाठी अडला आहे ती हाती येईपर्यंत त्यातले बहुतेक वाया जातात. सलग ठेवलेली मोठी फाइल हीच डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइटच्या आसपास वाचते, कारण हेडला फारसं हलावंच लागत नाही. विखुरलेले ४ किलोबाइटचे तुकडे मात्र सेकंदाला जेमतेम ७५ मिळतात, म्हणजे ३०० किलोबाइट. तीच डिस्क, आणि वेगात ५०० पटींचा फरक! वीस मजली इमारतीत एकच लिफ्ट आहे आणि तिला तिसरा, अठरावा, पाचवा, सोळावा अशी बोलावणी येताहेत, तशी हेडची अवस्था होते.

आणि सुरू होताना विंडोजला नेमकं असंच वाचायचं असतं: ड्रायव्हर, सेवा, सेटिंग, फॉन्ट, सगळे छोटे तुकडे, सगळे निरनिराळ्या जागी. समजा १०,००० वाचनं लागली. १३ मिलिसेकंदांनी गुणा: १३० सेकंद, दोन मिनिटांहून जास्त. यावर उपाय म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नाही, विद्युतभार अडकवून ठेवणारे कोट्यवधी सूक्ष्म कप्पे आहेत. या फ्लॅश मेमरीचे जनक तोशिबाचे फुजिओ मासुओका, काळ १९८०च्या दशकाचा. इथे एका वाचनाला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो. तीच १०,००० वाचनं एका सेकंदात संपतात. रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, वाढवल्याने अनेक टॅब उघडल्यावर फरक पडेल, पण ही सुरुवातीची रांग रॅमने हटत नाही.

याच रांगेवर तोडगा म्हणून २००१ मध्ये विंडोज एक्सपीत प्रीफेच आलं. सुरू होताना कोणत्या फाइली लागतात याची ते नोंद ठेवतं आणि पुढच्या वेळी त्या सोयीच्या क्रमाने आधीच वाचून घेतं. 'वेग वाढवण्यासाठी' प्रीफेच फोल्डर रिकामं करा, असं सांगणारे व्हिडिओ सर्रास फिरतात. त्याने पुढची सुरुवात आणखी मंदावते! उजवं क्लिक करून चारदा रिफ्रेश मारणं ही तर निव्वळ अंधश्रद्धा आहे. त्याने डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा रेखाटली जातात, बाकी काही नाही. आणि रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही, साफ करणाऱ्या 'बूस्टर'वर पैसे घालवू नका, मायक्रोसॉफ्ट स्वतः असल्या सॉफ्टवेअरच्या वापराला पाठिंबा देत नाही.

मंदपणा अचानक आला असेल तर मात्र आधी फाइलींची दुसरीकडे प्रत काढा. डिस्क बिघडत असू शकते: खराब झालेला भाग ती पुन्हा पुन्हा वाचू पाहते आणि प्रत्येक प्रयत्नाला एक फेरी जाते.

एसएसडी बसवायच्या आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअपच्या यादीतले नको ते प्रोग्रॅम बंद करा. अँटीव्हायरस राहू द्या. आणखी एक: विंडोज ८ पासून 'शट डाउन' केल्यावर यंत्र बहुधा पूर्ण बंद होत नाही. त्यातली फास्ट स्टार्टअप ही सोय विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवते. काही अडलं असेल तर 'रीस्टार्ट'च करायचं, त्यात सगळं नव्याने सुरू होतं.

एसएसडी बसवूनही वेळ लागतोय? त्याच यादीच्या वर बऱ्याच नव्या यंत्रांत 'लास्ट बायोस टाइम' दिसतो, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमने घेतलेला वेळ. तो आकडा मोठा असेल तर विंडोजला हात लावू नका. वेळ तिच्याआधीच, मदरबोर्डच्या तपासणीत जातोय.