माफीचे साक्षीदार, पण कोणासमोर?

खटल्यात माफीचा साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की दोन्ही बाजूंचे वकील एकाच गोष्टीवर बोट ठेवतात: हा स्वतः कटात होता. एक म्हणतो, म्हणूनच याला आतलं ठाऊक आहे. दुसरा म्हणतो, म्हणूनच याच्या शब्दावर विसंबू नका. पूर्वी इस्लामवादी असलेले आणि आता मुस्लिम समाजातल्या कट्टरतेविरुद्ध बोलणारे लोक गेली वीसेक वर्षं अशाच उलटतपासणीला तोंड देत आहेत.

आधी शब्दांचा घोळ सोडवायला हवा. इस्लामवादी म्हणजे धार्मिक मुसलमान नव्हे, आणि प्रत्येक इस्लामवादी बॉम्बस्फोट घडवणाराही नसतो. इस्लाम ही राज्यव्यवस्था म्हणून लागू व्हावी असं मानणारा, ही राजकीय व्याख्या. १९५३ मध्ये जेरुसलेममध्ये तकिउद्दीन नभानी यांनी स्थापन केलेल्या ‘हिज्ब उत-तहरीर’ला खिलाफत, म्हणजे खलिफाच्या हाताखालचं एकच इस्लामी राज्य, हवी होती, पण संघटना स्वतः शस्त्र उचलत नव्हती. भर होता तो विचार पेरण्यावर. ब्रिटनमधले सर्वांत गाजलेले दोन ‘माजी’, एड हुसेन आणि माजिद नवाझ, याच संघटनेतून बाहेर पडलेले. त्यामुळे त्यांच्याविषयीचा पहिला आक्षेपच असा होता की, ज्यांनी कधी हिंसा केली नाही त्यांना हिंसेचे जाणकार का मानायचं? विचारापासून हिंसेपर्यंत सरळ रस्ता जातो का, यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही.

हा पेच मुसलमानांपुरता नाही. १९४९ मध्ये आर्थर कोस्लर, इग्नात्सिओ सिलोने यांच्यासह सहा लेखकांनी कम्युनिझमशी आपण फारकत का घेतली याच्या कहाण्या एका पुस्तकात सांगितल्या. त्यावर लिहिताना आयझॅक डॉइचरने टोला हाणला होता की, माजी कम्युनिस्टाला जग आजही काळं-पांढरंच दिसतं, फक्त रंगांची अदलाबदल झालेली असते. (डॉइचर स्वतः पोलिश कम्युनिस्ट पक्षातून हकालपट्टी झालेला, तेव्हा टोला घरचाच.) पुढे १९६६-६७ मध्ये, ज्या सांस्कृतिक मंचावर या मंडळींपैकी काहींची ऊठबस होती, त्याला सीआयएचा पैसा मिळत होता हे उघड झालं. लिहिलेलं त्यामुळे खोटं ठरलं नाही, पण वाचकाची नजर बदलली ती बदललीच.

इजिप्तमध्ये तोच प्रश्न तुरुंगाच्या भिंतीआड उभा राहिला. ‘अल-गमा अल-इस्लामिया’ या सशस्त्र संघटनेच्या कैदेतल्या नेत्यांनी १९९७ मध्ये शस्त्रसंधी जाहीर केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लक्सरला ६२ जणांची हत्या झाली, तरी नेते मागे हटले नाहीत आणि २००२ पासून त्यांनी हिंसेचं खंडन करणारी पुस्तकं काढली. २००७ मध्ये तर सय्यद इमाम ऊर्फ डॉ. फदल यांनी, म्हणजे ज्यांच्या ग्रंथांवर अल-कायदाचे लोक पोसले गेले त्यांनीच, तुरुंगातून जिहादच्या मर्यादा सांगणारं लेखन प्रसिद्ध केलं. अल-कायदाचा तेव्हाचा दुसऱ्या क्रमांकाचा नेता अयमन अल-जवाहिरीने खिल्ली उडवली: इजिप्तच्या कोठड्यांत आता फॅक्स यंत्रं बसवली का, आणि ती विजेचे झटके देणाऱ्या यंत्राच्याच तारेला जोडली आहेत का? मात्र चेष्टेवर न थांबता त्याने पुढच्या वर्षी लांबलचक प्रत्युत्तरही लिहिलं. बिनवजनाच्या माणसाला कोणी एवढं उत्तर देत बसत नाही.

माजिद नवाझ २००२ ते २००६ इजिप्तच्याच तोरा तुरुंगात होते. तिथे जुन्या जिहादींशी झालेल्या चर्चांनी आपले विचार हलले, असं ते सांगतात. ७ जुलै २००५ च्या लंडन स्फोटांत ५२ लोक मारले गेल्यावर ब्रिटिश सरकारला मुस्लिम आवाज हवे होते. २००७ मध्ये हुसेन यांचं ‘द इस्लामिस्ट’ आलं, नवाझ यांनी संघटना सोडली, आणि एप्रिल २००८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये या दोघांच्या ‘क्विलियम फाउंडेशन’ या कट्टरताविरोधी संस्थेचं उद्घाटन झालं. नाव घेतलं होतं एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलला मशीद उभारणाऱ्या अब्दुल्ला क्विलियम यांचं. पहिल्याच काळात सरकारकडून सुमारे दहा लाख पौंड मिळाले.

खरं नुकसान इथेच झालं, असं मला वाटतं. २०१० मध्ये क्विलियमने दहशतवादविरोधी खात्याच्या प्रमुखाला पाठवलेली एक टिपणी फुटली. मुस्लिम कौन्सिल ऑफ ब्रिटन या मुस्लिम संघटनांच्या शिखर संस्थेसारख्या संस्थांची विचारसरणी हिंसक इस्लामवाद्यांच्या वळणाची आहे, असा तिचा सूर होता. मग ज्या तरुणांचं मन वळवायचं त्यांच्या नजरेत हे सरकारचे कान झाले. मंत्र्यांकडे पत आणि मोहल्ल्यात पत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वाढली तशी दुसरी आटत गेली. २०१३ मध्ये इंग्लिश डिफेन्स लीग या इस्लामविरोधी अतिउजव्या संघटनेचा नेता टॉमी रॉबिन्सन क्विलियमच्या मंचावरून आपली संघटना सोडत असल्याचं जाहीर करून मोकळा झाला आणि काही काळाने पुन्हा इस्लामविरोधी चळवळीत परतला. या प्रकरणाने उरलीसुरली पतही झिजली.

पण उलट बाजूचा अतिरेकही नोंदवायला हवा. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या द्वेषमूलक गटांवर नजर ठेवणाऱ्या ‘सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर’ने नवाझ यांचं नाव थेट ‘मुस्लिमविरोधी अतिरेक्यां’च्या यादीत टाकलं. नवाझ स्वतः मुस्लिम. २०१८ मध्ये संस्थेने जाहीर माफी मागितली आणि तडजोडीपोटी ३३ लाख ७५ हजार डॉलर मोजले.

या बाजारात नकली मालही आला. वालिद शोएबात आपण एकेकाळी बेथलेहेममधल्या बँकेवर बॉम्ब टाकल्याचं सांगत अमेरिकेत व्याख्यानं देत असे. २०११ मध्ये सीएनएनने शोध घेतला तेव्हा त्या हल्ल्याचा पुरावा मिळाला नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा गाजलेला ‘कॅलिफेट’ पॉडकास्ट इसिससाठी माणसं मारल्याची बढाई मारणाऱ्या एका कॅनेडियन तरुणावर उभा होता. २०२० मध्ये ती कहाणी कोसळली आणि वृत्तपत्राला पुरस्कार परत करावा लागला. ऐकणाऱ्याला जितका भीषण भूतकाळ हवा असतो, तितका पुरवणारा कोणीतरी भेटतोच.

इंडोनेशियात चित्र जरा वेगळं दिसलं. ‘जेमा इस्लामिया’ या दहशतवादी संघटनेचा एकेकाळचा कमांडर नासिर अब्बास २००३ मध्ये पकडला गेला आणि पोलिसांना मदत करू लागला. त्याच्यावरही फितुरीचा शिक्का बसला. पण कैद्यांशी बोलताना त्याच्याकडे अफगाणिस्तानातल्या प्रशिक्षणाचा इतिहास होता, आणि तो नाकारणं त्यांना सोपं नव्हतं.

एप्रिल २०२१ मध्ये, कोव्हिडच्या टाळेबंदीत संस्था चालवणं कठीण झाल्याचं सांगून नवाझ यांनी क्विलियम बंद केली. ‘हिज्ब उत-तहरीर’वर ब्रिटनमध्ये बंदी घालण्याची घोषणा तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी २००५ मध्येच केली होती. ती प्रत्यक्षात आली जानेवारी २०२४ मध्ये, तेव्हा क्विलियमला कुलूप लागून पावणेतीन वर्षं झाली होती.