मुलींचं रेटिंग नेमकं कुठे अडतं?

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत, आणि खाडीपलीकडे वाशी, नेरुळ, खारघरला, सुट्टीच्या दिवशी शाळांच्या सभागृहांत बुद्धिबळाच्या स्पर्धा भरतात. नऊ वर्षांखालच्या गटात मुली सहज दिसतात. पंधरा वर्षांखालच्या गटात त्या शोधाव्या लागतात आणि मुलगे-मुली एकत्र खेळतात त्या खुल्या गटात, आघाडीचे खेळाडू बसतात त्या वरच्या दहा पटांवर बहुतेक वेळा एकही नसते. कारण विचारलं की दहावी पुढे केली जाते किंवा मुलींचा स्वभाव. दहावी मुलांनाही असते. स्वभावाचं म्हणाल, तर त्याआधी तपासण्यासारख्या, मोजता येणाऱ्या बऱ्याच गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट संख्येची. समजा १६०० मुलगे आणि १०० मुली खेळतात. दोन्ही गटांची सरासरी ताकद १६०० रेटिंगची आहे (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) आणि दोन्हींत चढउतारही सारखाच, म्हणजे प्रमाण विचलन २०० गुणांचं. क्षमतेत तसूभरही फरक नाही. तरी संख्याशास्त्राच्या नियमाने मुलग्यांतला सर्वोत्तम खेळाडू २२७०च्या आसपास निघेल आणि मुलींतली सर्वोत्तम २१००च्या आसपास. जितके जास्त लोक, तितकं टोक लांब जातं, म्हणून हा १७० गुणांचा फरक पडतो. २००९मध्ये मेरिम बिलालिच आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या सुमारे १,२०,००० खेळाडूंच्या यादीवर असंच गणित मांडलं. तिथे साधारण सोळा पुरुषांमागे एक स्त्री होती. पहिल्या शंभर पुरुष आणि शंभर स्त्रियांमधल्या फरकापैकी सुमारे ९६ टक्के फरक निव्वळ संख्येतून येतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. या पद्धतीवर पुढे आक्षेप घेतले गेले, त्यामुळे ९६ हा आकडा दगडावरची रेघ समजू नये. पण अव्वल दहांची यादी दाखवून सगळ्या मुलींच्या बुद्धीबद्दल बोलणारा माणूस गणितात चुकतो, एवढं त्यातून पक्कं कळतं.

अमेरिकेतला ख्रिस्तोफर शाब्री आणि मार्क ग्लिकमन यांचा २००६चा अभ्यास मला याहून मोलाचा वाटतो. त्यांनी तिथल्या महासंघाकडची तेरा वर्षांची नोंद तपासली. ज्या भागात नव्याने खेळायला येणाऱ्या मुलांत निम्म्या किंवा जास्त मुली होत्या, तिथे मुलींचं सुरुवातीचं रेटिंग मुलग्यांपेक्षा कमी नव्हतं. म्हणजे वर्गात बारा मुलगे आणि एक मुलगी असणं हा त्या मुलीच्या क्षमतेचा पुरावा ठरत नाही. ती परिस्थिती आहे आणि ती बदलता येते.

आता रेटिंगच्या यंत्राकडे येऊ, कारण पालकांना ते सगळ्यात कमी समजावून सांगितलं जातं. फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, क्लासिकल (लांब वेळेच्या डावांचं) रेटिंग एलो पद्धतीने चालतं. दोन खेळाडूंत २०० गुणांचा फरक असेल, तर वरच्याने दहा डावांत (विजयाला एक, बरोबरीला अर्धा गुण) सुमारे ७.६ गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते. प्रत्यक्ष गुण वजा अपेक्षित गुण, याला एका गुणकाने गुणायचं, की रेटिंगमधला बदल मिळतो. अठराव्या वाढदिवसाचं वर्ष संपेपर्यंत, २३००च्या खाली रेटिंग असलेल्यांसाठी हा गुणक ४० आहे.

समजा एका मुलीचं रेटिंग १५००, पण सरावाने तिचा खेळ १७००चा झाला आहे. ती नऊ फेऱ्यांच्या खुल्या स्पर्धेत १५००च्याच प्रतिस्पर्ध्यांशी खेळली, तर अपेक्षा ४.५ गुणांची आणि ती मिळवेल जवळपास ७. फरक २.५, गुणिले ४०, म्हणजे एका स्पर्धेत १०० गुणांची वाढ. आता तीच मुलगी फक्त मुलींच्या स्पर्धेत खेळली आणि समोरच्या मुलीही तिच्यासारख्याच, कागदावर १५०० पण खेळाने १७००च्या असल्या, तर? अपेक्षा ४.५, मिळतील ४.५, वाढ शून्य. गट बंद असला की गुण आतल्या आत फिरत राहतात. सगळ्या मुली सुधारल्या तरी यादीत एकीचीही सुधारणा दिसत नाही. मग तीच यादी बघून कोणी म्हणतं, मुली पुढे जात नाहीत!

याचा अर्थ मुलींच्या स्पर्धा बंद कराव्यात असा नाही. तिथे मैत्रिणी मिळतात, आणि मैत्रिणी असल्या की खेळ सुटत नाही. पण मुलींच्या एका स्पर्धेमागे निदान दोन खुल्या स्पर्धा खेळायला हव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिलं रेटिंग मिळायलाच रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात, आणि मार्च २०२४पासून १४००च्या खालचं रेटिंग यादीत येत नाही. वर्षाला एखादीच स्पर्धा खेळणारी मुलगी त्या यादीच्या दारातच थांबते.

डाव कमी का होतात, याचं उत्तर घड्याळात आहे. प्रत्येक खेळाडूला ९० मिनिटं आणि शिवाय प्रत्येक चालीला ३० सेकंद या वेळेत साठ चालींचा डाव चार तास चालू शकतो. दिवसाला दोन फेऱ्या म्हटलं की आठ तास झाले. संध्याकाळची फेरी रेंगाळली की बक्षीस समारंभ संपायला रात्र होते आणि ठाणे-पनवेल लोकलने ऐरोली किंवा घणसोलीला परतायचं असतं. चौदा वर्षांच्या मुलाला एकटं सोडणारं घर त्याच वयाच्या मुलीला सोडत नाही. सोबतीला मोठं माणूस नसलं की तिची स्पर्धा रद्द होते. आयोजकांनी शेवटच्या फेरीची वेळ माहितीपत्रकात छापली, ती पाळली आणि बक्षिसं सहाच्या आत उरकली, तर याच मुलींची नावं यादीत वाढतील. स्वच्छतागृहाचंही तसंच. चार तासांच्या डावात पाळी आलेल्या मुलीला पाणी, कडी आणि कचऱ्याचा डबा असलेलं स्वच्छतागृह खेळाच्या दालनाजवळ हवं. स्वतःची चाल असताना पंचाच्या परवानगीशिवाय खेळाचं दालन सोडता येत नाही, म्हणून तिला ही परवानगी विनाप्रश्न मिळायला हवी. लपवलेल्या फोनसाठी मेटल डिटेक्टरने तपासणी होणार असेल, तर स्त्री पंच हवीच.

पटावर बसल्यावर काय होतं, यावरही प्रयोग झाले आहेत. २००८मध्ये ॲने मास आणि सहकाऱ्यांनी सारख्या ताकदीच्या स्त्री-पुरुषांच्या ४२ जोड्या इंटरनेटवर खेळवल्या. समोर कोण आहे हे माहीत नसताना स्त्रिया बरोबरीने खेळल्या. पुरुषांचं वर्चस्व असल्याची आठवण करून दिली आणि समोर पुरुष आहे हे कळलं, तेव्हा त्यांचा खेळ एकदम घसरला. समोर स्त्री आहे असं खोटंच सांगितल्यावर त्याच पुरुषांशी त्या पुन्हा बरोबरीने खेळल्या. प्रयोग लहान होता. २०१८मध्ये टॉम स्टॅफर्ड यांनी सुमारे ५५ लाख डाव तपासून उलटा निष्कर्ष मांडला, की पुरुषांविरुद्ध स्त्रिया अपेक्षेपेक्षा चांगल्या खेळतात. त्यावर ग्रँडमास्टर डेव्हिड स्मर्डन आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये दाखवलं, की वयासारखे घटक हिशेबात धरले तर चित्र पुन्हा फिरतं. पीटर बॅकस आणि सहकाऱ्यांनी तर संगणकाकडून प्रत्येक चालीचं मूल्यमापन करून घेतलं. पुरुषांसमोर स्त्रियांच्या चुका वाढतात असं दिसलं. पुरुषांच्या खेळाचा दर्जा मात्र तसाच राहतो, आणि स्त्रीकडून हरताना ते डाव सोडायला जास्त वेळ लावतात.

मुलींना कमी लेखणं कुठून सुरू होतं, हे २०२३च्या एका अभ्यासातून दिसतं. अमेरिकेतले २८६ पालक आणि मार्गदर्शक यांना विचारलं, की हे मूल जास्तीत जास्त किती रेटिंग गाठेल. मुलींसाठी त्यांनी सांगितलेले आकडे कमी होते. बुद्धिबळाला जन्मजात प्रतिभा लागते असं मानणाऱ्यांत हा फरक आणखी ठळक होता. आपल्याकडच्या प्रशिक्षकांना यावर एक सोपी तपासणी करता येईल. महिनाभर वहीत लिहा: कोणाचे किती डाव चाल-चाल तपासून दिले, कोणाला वरच्या ताकदीच्या मुलाशी खेळायला बसवलं, कोणाला नवीन ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चालींची रचना) शिकवलं आणि कोणाला फक्त ‘छान, नीट खेळतेस’ म्हटलं. महिन्याअखेर मुलगे आणि मुलींची दरडोई बेरीज वेगवेगळी करा. तफावत दिसली तर पुढच्या महिन्यात भरून काढता येते.

काही अडथळे तर थेट नियमांतच होते. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६मध्ये, तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा एवढा गदारोळ झाला की प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. अखेर जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूव यांना सांगावं लागलं, की स्त्रियांना अशा स्पर्धांपासून रोखता येणार नाही. १९८६मध्ये त्याच महासंघाने सगळ्या सक्रिय स्त्री खेळाडूंना १०० गुण बहाल केले, फक्त हंगेरीच्या सुसान पोल्गार यांना वगळून, आणि स्त्रियांच्या यादीतला त्यांचा पहिला क्रमांक गेला. पैशातला फरक आजही आहे. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या २०२४च्या कँडिडेट्स स्पर्धेत खुल्या गटाच्या बक्षिसांसाठी ५ लाख युरो होते, महिलांसाठी अडीच लाख. त्याच वर्षी जानेवारीत नागपूरच्या दिव्या देशमुखने नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर जाहीरपणे लिहिलं, की प्रेक्षक तिच्या चालींऐवजी कपडे, केस आणि उच्चारांवर बोलतात. २०२५मध्ये ती महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. तिने मांडलेली तक्रार त्यामुळे मिटलेली नाही.

शेरेबाजी, नकोसा स्पर्श, प्रशिक्षकाचे रात्रीचे मेसेज असं काही घडलं, तर ‘खेळात असं चालतंच’ हे उत्तर कायद्याला मान्य नाही. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत क्रीडासंस्था आणि स्पर्धेची जागाही येते. तक्रारदार स्त्री तिथे नोकरीला असण्याची गरज नाही आणि वयाची अटही नाही. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या क्लबमध्ये अंतर्गत समिती नसेल, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ठाणे, ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, तर खारघर आणि पनवेल रायगडमध्ये, त्यामुळे तिथल्या घटनेसाठी अलिबागच्या जिल्हा कार्यालयाशी संपर्क साधावा. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, लागू होतो. घटना माहीत असलेल्या प्रत्येकाने, पंच आणि आयोजकांनीसुद्धा, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाच गुन्हा ठरतो. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. हा क्रमांक आणि तक्रार घेणाऱ्या स्त्री पदाधिकाऱ्याचं नाव पेअरिंगच्या (कोण कोणाशी खेळणार त्याच्या) फलकाशेजारी लावायला एक कागद पुरतो.