नित्यनेम

नित्यनेम : रोज ठरल्या वेळी, ठरल्या रीतीने, खाडा न करता करायची साधना. ‘नेम’ हे संस्कृत ‘नियम’ शब्दाचे घरात रुळलेले रूप. पतंजलींच्या अष्टांगयोगात नियम हे दुसरे अंग असून शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान हे त्याचे पाच भाग आहेत. नेम म्हटले की आपल्याला स्तोत्र, जप, पोथी एवढेच आठवते. पुण्यात मात्र तो शाळेत, बोलण्यात आणि योगाच्या वर्गातही शिरला आहे, आणि तेच त्याचे पुरे रूप होय.

जुन्या वाड्यांत दिवेलागणीला मुले हातपाय धुऊन देवापुढे बसत. ‘शुभं करोति’ झाले की परवचा : वार, तिथी, नक्षत्रे, मग पाढे, पावकी, निमकी. स्तोत्र कुठे संपले आणि गणित कुठे सुरू झाले हे सुरावरून कळत नसे. शिक्षण आणि उपासनेची इतकी सहज सांगड पुढे क्वचितच जमली. ती जमवणाऱ्यांत शं. वा. तथा सोनोपंत दांडेकर (१८९६–१९६८) अग्रभागी होते. स. प. महाविद्यालयाचे हे प्राचार्य तत्त्वज्ञान शिकवत आणि माळकरी म्हणून ज्ञानेश्वरीवर प्रवचनेही करत. त्यांचे गुरू विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. १९६२ मध्ये अप्पा पेंडसे यांनी स्थापलेल्या ज्ञान प्रबोधिनीनेही उपासनेला शिक्षणात जागा दिली.

नेम वाणीलाही लागतो. याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाङ्मय तप सांगितले आहे : बोलणे न टोचणारे, खरे, प्रिय आणि हिताचे असावे. चारही अटी एकदम सांभाळणे कठीण. खरे बोलावे तर टोचते, गोड बोलावे तर खरे निसटते. पहाटे तासभर जप करून उठल्या उठल्या भांड्याच्या मावशींवर कोणी डाफरले, तर माळा पुऱ्या भरल्या असल्या तरी त्या दिवशी नेमाचा खाडाच झाला.

योगाभ्यासात हा नेम शरीराने पाळायचा असतो. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये गुरू कृष्णम्माचार्यांच्या सांगण्यावरून पुण्यात शिकवायला आले आणि २०१४ मध्ये निधन होईपर्यंत इथलेच झाले. १९७५ मध्ये त्यांनी पत्नीच्या स्मरणार्थ शिवाजीनगर भागात रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था सुरू केली. दोर, लाकडी विटा, पट्टे, लोड, खुर्च्या यांच्या आधाराने त्यांनी म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांनाही आसने करता येतील अशी सोय केली. त्यांच्या पद्धतीत ताडासन म्हणजे नुसते उभे राहणे नव्हे. गुडघ्याच्या वाट्या वर ओढायच्या, दोन्ही पावलांवर भार सारखा ठेवायचा. आपण जन्मभर एकाच पायावर रेलत आलो, हे अनेकांना तिथे पहिल्यांदा उमगते. स्वाध्याय, म्हणजे स्वतःचा अभ्यास, इथे असा तळपायापासून सुरू होतो.

अभ्यास पक्का व्हायला पतंजली तीन गोष्टी सांगतात : दीर्घ काळ, सातत्य आणि आदर. वारकऱ्याचा नेमही याच तिन्हींवर उभा असतो. गळ्यात तुळशीची माळ, रोजचा हरिपाठ, एकादशीचा उपवास आणि वारी हा तो नेम. वद्य एकादशीला पुण्याहून आळंदीकडे निघणाऱ्या पीएमपीच्या बसमध्ये बुक्का लावलेली कपाळे दिसतात. बसायला जागा नसली तरी दांडीला धरून कुणाचा तरी हरिपाठ चालू असतो.