जुन्या कोल्टची किंमत नंबरात का असते?

ऑगस्ट २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या बॉनहॅम्स लिलावात एक जुने कोल्ट रिव्हॉल्व्हर ६० लाख डॉलरच्या वर गेले. शेरीफ पॅट गॅरेटने १४ जुलै १८८१ च्या रात्री न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला कुख्यात गुन्हेगार बिली द किडला गोळी घातली, ती याच हत्याराने. हे १८७३ चे सिंगल अ‍ॅक्शन आर्मी मॉडेल, म्हणजे प्रत्येक गोळीआधी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागणारे. १९४० पर्यंत कोल्टने अशी साडेतीन लाखांहून जास्त बनवली, म्हणजे दुर्मीळ म्हणावे असे त्यात काहीच नाही. पैसे मोजले गेले ते 'हेच ते' या खात्रीसाठी. गॅरेट गेल्यावर हे रिव्हॉल्व्हर एल पासोच्या एका बारवाल्याकडे राहिले होते. गॅरेटच्या पत्नीने कोर्टात भांडून ते परत मिळवले. त्या भांडणाचे कागद आज त्याच्या वंशावळीचे काम करतात.

बहुतेक रिव्हॉल्व्हरांच्या नशिबी असा खटला नसतो. त्यांची पारख होते ती अंगावरच्या नंबरांवरून, आणि ही सोय मुळात संग्राहकांसाठी केलेलीच नव्हती.

सॅम्युएल कोल्टला गोळ्या भरायच्या फिरत्या सिलिंडरचे अमेरिकी पेटंट २५ फेब्रुवारी १८३६ ला मिळाले. न्यू जर्सीतल्या पॅटरसनची त्याची पहिली कंपनी १८४२ मध्ये बुडाली. त्याला हात दिला तो मेक्सिकोच्या युद्धाने. टेक्सास रेंजर्समधल्या कॅप्टन सॅम्युएल वॉकरच्या खटपटीने लष्कराची १,००० रिव्हॉल्व्हरांची ऑर्डर आली. कोल्टकडे तेव्हा कारखानाच नव्हता. १८४७ मध्ये कनेटिकटमधल्या एली व्हिटनी ज्युनिअरच्या कारखान्यात त्याने ती बनवून घेतली, वर शंभरेक बाजारासाठी. हे 'वॉकर' दोन किलोंच्या आसपास भरते. कमरेला लावायची चीज नव्हेच ती, खोगिरालाच अडकवायची. सिलिंडरमध्ये दारू इतकी मावे की काही सिलिंडर फुटले. शिल्लक राहिली ती थोडी. म्हणूनच एका डॅनिश जहाजकप्तानाने घेतलेले पेटीसकटचे वॉकर २०१८ मध्ये रॉक आयलंडच्या लिलावात १८ लाख ४० हजार डॉलरला गेले.

त्या ऑर्डरनंतर कोल्ट हार्टफर्डला स्थिरावला. यंत्रांवर सुटे भाग काढण्यात त्याचा कारखाना नावाजलेला, तरी शेवटची जुळणी कानशीनेच होई. जुळवून बसवलेले रिव्हॉल्व्हर पुन्हा सुटे करून काही भाग पाणी द्यायला, काही निळ्या झिलईला पाठवत. परत आल्यावर कुठला भाग कुणाचा हे कळावे, म्हणून एका रिव्हॉल्व्हरच्या प्रत्येक भागावर तोच नंबर. कामगाराची ही खूण आज पारख्याची पहिली कसोटी झाली आहे.

१८५१ चे नेव्ही मॉडेल उलटे धरले की नळीचा खालचा भाग, चौकट, चापाचे कडे आणि मुठीची पट्टी एका ओळीत तोच नंबर दाखवतात. सिलिंडरवर तो पाचव्यांदा, नळी अडकवून ठेवणाऱ्या पाचरीवर सहाव्यांदा. पाचर मात्र बहुधा बदललेलीच सापडते. सिलिंडरवर टेक्सास आणि मेक्सिकोच्या आरमारांची लढाई उठवलेली असते, खाली तारीख १६ मे १८४३. नोटांची चित्रे कोरणाऱ्या ऑर्म्सबीने बनवलेल्या साच्याने ती दाबून काढत. भिंगाखाली जहाजांची शिडे अजून ओळखू येतात की नुसता गुळगुळीत दंडगोल उरला आहे, यावर भाव बराच हलतो.

नवखा माणूस चकाकणारे रिव्हॉल्व्हर उचलतो आणि इथेच फसतो. नंतर पॉलिश मारून चढवलेली झिलई कडा बोथट करते, स्क्रूच्या भोकांना खळगा पाडते, नळीवरच्या कारखान्याच्या पत्त्याची अक्षरे पुसट करते. अमेरिकेत रूढ असलेल्या प्रतवारीत जुन्या हत्याराला 'उत्कृष्ट' म्हणायला मूळ झिलई ८० टक्क्यांहून जास्त लागते. 'छान'ला ३० टक्क्यांहून जास्त पुरते. त्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीतल्या गार्दोने भागात प्रतिकृती बनू लागल्या. त्यांचे शिक्के घासून, गंज चढवून त्या मूळ म्हणून खपवणारे महाभागही आहेत.

लष्करी सिंगल अ‍ॅक्शनची गंमत वेगळी. मुठीच्या लाकडावर लष्करी तपासनिसाची आद्याक्षरे असतात. त्यात ऑर्व्हिल एन्सवर्थची 'ओ डब्ल्यू ए' सर्वांत हवीशी, कारण १८७६ मध्ये मूळनिवासी जमातींनी जिंकलेल्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लेफ्टनंट कर्नल कस्टरच्या सातव्या घोडदळाकडे त्याने तपासलेली रिव्हॉल्व्हर होती. जे सर्वांना हवे, त्याचीच नक्कल जास्त होते, हे सांगायला नको. उलट १८९० च्या दशकात लष्कराने जुनी रिव्हॉल्व्हर सुटी करून, साडेसात इंची नळ्या साडेपाच इंचांवर कापून, हाताला येतील ते भाग जोडून पुन्हा वापरात आणली. त्या 'आर्टिलरी' प्रकारात नंबर न जुळणे हेच अस्सलपणाचे लक्षण. सगळे जुळले तर दुर्मीळ ठेवा, नाहीतर कुणीतरी हात चालवलेला. मी तरी आधी दुसरी शंका घेईन.

कारखान्याच्या वहीतल्या नोंदीचे पत्र सोबत असेल तर काम सोपे होते: रवानगीची तारीख, नळीची लांबी, झिलई, माल कुणाकडे गेला. कोल्ट फीसाठी अशी पत्रे देते. पण फेब्रुवारी १८६४ मध्ये हार्टफर्डचा कारखाना जळाला, आणि टोपी-दारूच्या (काडतुसाऐवजी सुटी दारू आणि ठिणगीची टोपी लागणाऱ्या) जुन्या मॉडेलांच्या नोंदी तुटकच उरल्या आहेत. तिथे पुन्हा धातूवरच्या नंबराकडेच वळावे लागते.

१९६८ च्या अमेरिकी कायद्याने या नंबराला आणखी एक वजन दिले, कारण हत्यार कोणत्या वर्षी बनले हे नंबरावरूनच ठरते. १८९८ पर्यंत बनलेले हत्यार केंद्रीय कायद्याने 'पुरातन', म्हणून परवानाधारक विक्रेत्याविना हात बदलू शकते. १८९९ चे हुबेहूब तसेच रिव्हॉल्व्हर दुसऱ्या राज्यात पाठवायचे तर परवानाधारक मध्ये हवा. काही राज्यांचे नियम त्याहून कडक आहेत. भारतात नुसते वय पुरत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ नुसार जुन्या हत्याराला सूट मिळते ती दुरुस्त करूनही त्यातून गोळी सुटणार नसेल तरच, त्यामुळे चालू स्थितीतले वॉकर इथे परवान्याशिवाय घरात ठेवता येणार नाही.