फ्रीज हलवला आणि थंड होईना: तेल चढलं की गॅस गेला?

मे महिना म्हणजे आपल्याकडे बिऱ्हाडं हलायचे दिवस. पोरांच्या परीक्षा आटोपलेल्या, बदल्यांच्या ऑर्डरी निघालेल्या आणि पेरणीला अजून अवकाश. गावातलं सामान छोट्या हत्तीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतं आणि तालुक्याच्या गावी जातं. नव्या घरात दूध ऊतू घालवलं की पुढचं काम म्हणजे फ्रीजची पिन बोर्डात खुपसणं, कारण बाहेर ४५ अंश आणि सामान चढवणारी माणसं घामाने निथळत असतात. तीन तासांनी बाटली काढावी तर पाणी जसंच्या तसं कोमट. मग एक जण विचारतो, "काहून थंड नाही होऊन राह्यला?" आणि उत्तर ठरलेलं असतं, "गॅस उडाला ना बाप्पा. हलवलं का उडतेच."

हलवलं म्हणून गॅस उडत नाही. फ्रीज आडवा नेल्यावर जे होतं ते बहुतेक वेळा तेलाचं दुखणं असतं आणि त्याला पैसा लागत नाही, फक्त थांबावं लागतं. गॅस खरोखर जातो तेव्हा मात्र कितीही थांबून उपयोग नाही. दोन्हींत वरवर दिसणारी गोष्ट एकच, फ्रीज चालू आहे पण थंड होत नाही. म्हणूनच घोटाळा होतो, आणि गरज नसताना गॅस भरल्याचे पैसे जातात.

आधी यंत्र बघू. फ्रीजच्या मागे खाली काळा गोलसर डबा दिसतो, तो कंप्रेसर. कारखान्यातच वेल्डिंग करून पूर्ण बंद केलेला. आत मोटार, पिस्टन आणि तळाशी थोडं तेल असतं. मोटार आत स्प्रिंगांवर टेकवलेली असते. डब्यातून निघालेल्या नळ्यांमधून गॅस फिरतो. कंप्रेसर गॅस दाबतो, दाबल्याने तो तापतो, मागच्या जाळीत किंवा फ्रीजच्या बाजूच्या पत्र्याआड दडवलेल्या नळ्यांत आपली उष्णता सोडून द्रव होतो, मग कॅपिलरी नावाच्या बारीक नळीतून फ्रीझरमध्ये शिरतो. तिथे दाब एकदम उतरतो, द्रवाची वाफ होते आणि ती वाफ होताना आतली उष्णता ओढून घेते. तिथून गॅस परत डब्यात. कॅपिलरीचं आतलं भोक मिलिमीटरभरही नसतं, हे ध्यानात ठेवा. पुढे कामाला येईल. आणि हा गॅस खर्च होत नाही. सायकलच्या ट्यूबमधल्या हवेसारखा तो वर्षावर्षाला थोडा थोडा कमीही व्हायला नको. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता तेलाचं. फ्रीज उभा असतो तोवर तेल डब्याच्या तळाशी राहतं. आडवा केला की ते वाहतं आणि डब्यातून निघणाऱ्या नळ्यांत शिरतं. गॅस परत आणणाऱ्या नळीत गेलं, तर वर फ्रीझरच्या नळ्यांपर्यंत पोचू शकतं. पिस्टनच्या जागेत साचलं तर गोष्ट जास्त वाईट, कारण पिस्टन गॅस दाबण्यासाठी बनवलेला आहे आणि द्रव दाबला जात नाही. अशा अवस्थेत बटण दाबलं तर आतल्या पातळ पट्टीच्या व्हॉल्व्हवर सगळा जोर येतो. इकडे तळाशी तेल कमी असल्याने मोटारीला वंगण मिळत नाही. आणि तेलाचा थेंब कॅपिलरीच्या त्या बारीक भोकात अडकला तर गॅसची वाटच अडते. हे सगळं टाळायला काय करायचं? फ्रीज उभा करायचा आणि वेळ द्यायचा. तेल चिकट असतं, बारीक नळ्यांतून ते आपल्या गतीनेच खाली उतरतं.

किती वेळ द्यायचा यावर प्रत्येकाचं मत वेगळं. फ्रीज पूर्ण प्रवासात उभा होता तर दोन-तीन तास पुष्कळ. आडवा आला असेल तर निदान जितका वेळ आडवा होता तितका वेळ उभा ठेवा, आणि लांबून आला असेल तर सरळ एक रात्र, एक दिवस. फ्रीजसोबत आलेल्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं.

याच्याशी आणखी एका थांबण्याची गल्लत होते. लाईट गेली आणि लगेच आली की फ्रीज तीन ते पाच मिनिटं बंद ठेवा असं सांगतात. ते तेलासाठी नाही, दाबासाठी आहे. कंप्रेसर नुकताच बंद पडलेला असतो तेव्हा एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असतो. त्या दाबाविरुद्ध मोटार सुरू होत नाही, घुं करते आणि टक् असा आवाज करून संरक्षक तिला बंद करतो. पाच मिनिटांत दाब सारखे होतात. बऱ्याच स्टॅबिलायझरमध्ये ही वाट पाहण्याची सोय असते. पण "स्टॅबिलायझर आहे ना, मग कशाला थांबायचं" असं म्हणून आडव्या आलेल्या फ्रीजला पाच मिनिटांत सुरू करू नये. स्टॅबिलायझरला फ्रीज कसा आला हे कळत नाही.

गॅस जातो तो नळीला तडा गेल्यावर, आणि घर बदलताना तो जाण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा स्वयंपाकघरातच, निघायच्या आदल्या रात्री. फ्रीझरमध्ये बर्फाचा थर असतो, सकाळी गाडी येणार असते, आणि कोणीतरी सुरी नाहीतर उलथनं घेऊन बर्फ टोचायला बसतं. एका दाराच्या फ्रीजमध्ये फ्रीझरच्या भिंतीतच गॅसच्या नळ्या असतात, पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या. सुरीचं टोक निसटलं की बारीक छिद्र, फुस्स असा आवाज, आणि संपलं. सुरी घरातल्याने चालवलेली असते, पण बोल गाडीवाल्याला लागतो.

दुसरी जागा मागची बाजू. फ्रीज उचलताना हाताला धरायला काही सापडत नाही, मागे मात्र जाळी आयती असते. हमालाचा हात तिथेच जातो. जाळी आणि कंप्रेसर यांच्यामधली तांब्याची नळी थोडी वाकते, ट्रॉलीत खड्ड्याखड्ड्याने हादरे खाते, आणि जोडापाशी केसाएवढी चीर पडते. पांदण रस्त्याने दोन किलोमीटर ट्रॉली नेली की मोकळी सोडलेली नळी जाळीवर घासत राहते, हेही होतं. अशी गळती फुस्स करत नाही. हळूहळू होते.

म्हणूनच दोन्हींतला फरक ओळखायची खात्रीची खूण वेळेची आहे. तेलाचं दुखणं पहिल्या दिवशी सर्वात वाईट असतं आणि उभं ठेवल्यावर सुधारतं. गळतीचं दुखणं उलट चालतं: पहिल्या दिवशी फ्रीज ठीक थंड होतो, आठवड्याने बर्फ उशिरा जमतो, महिन्याने दूध नासायला लागतं. मोठी गळती असेल तर पहिल्या दिवसापासूनच काही नाही, पण एक दिवस उभा ठेवूनही त्यात काडीचा फरक पडत नाही.

हाताने आणि कानानेही पुष्कळ कळतं. फ्रीज सुरू करून अर्ध्या-पाऊण तासाने मागच्या जाळीला हात लावा. जाळी दिसत नसेल तर दोन्ही बाजूंच्या पत्र्याला. चांगल्या फ्रीजमध्ये ती कोमट ते गरम लागते. (नव्या फ्रीजची बाजू तापते म्हणून घाबरून तक्रार करणारेही आहेत. ती तापायलाच हवी.) फ्रीझरपाशी कान नेला तर गॅस वाहण्याचा मंद सुर्र आवाज येतो. गॅस गेलेला असेल तर कंप्रेसर अखंड, हलका चालतो, न थांबता, पण जाळी गार आणि फ्रीझर गप्प. थोडा गॅस उरला असेल तर फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात बर्फाची पट्टी धरते, बाकी भाग कोरडा. तेल अडलं असेल तर कंप्रेसरचा आवाज पुष्कळदा जड येतो, काही वेळा तो टक् करून बंद पडतो आणि थोड्या वेळाने परत धडपडतो. मात्र कॅपिलरीच अडली असेल तर तेव्हाही जाळी गार राहते, म्हणून एकट्या जाळीवर निकाल देऊ नका. आधी एक दिवस उभा ठेवून बघा.

आणि एक खूण अशी आहे की ती सापडली तर वादच मिटतो. गॅससोबत थोडं तेलही नळ्यांमधून सतत फिरत असतं. गॅस जिथून गळतो तिथून तेही पाझरतं. गॅस हवेत जातो, तेल तिथेच राहतं. आपल्याकडे ज्या घरात कापूस भरून ठेवलेला असतो तिथल्या फ्रीजच्या मागे रुईचा आणि धुळीचा भुरका थर बसलेला असतो. बॅटरी लावून जोड बघत जा. सगळीकडे भुरकं कोरडं असताना एका जोडापाशी काळपट, ओलसर, बोटाला चिकटणारा डाग दिसला तर गळती तिथे आहे. मेकॅनिक यायच्या आधी त्या जागेचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

गॅस कोणता आहे हे कंप्रेसरवरच्या लेबलवर लिहिलेलं असतं. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन. स्वयंपाकाच्या सिलेंडरमधल्या ब्युटेनचा हा सख्खा भाऊ, पेट घेणारा. लेबलवर ज्योतीचं त्रिकोणी चिन्ह असतं. फ्रीजमध्ये तो बेताचाच असतो, पण सिलेंडरच्या गॅसला मुद्दाम उग्र वास लावलेला असतो तसा याला लावलेला नसतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. सुरीने फुस्स झालं तर दारं-खिडक्या उघडा, गॅसची शेगडी, चूल, देवाचा दिवा विझवा, आणि फ्रीजची पिन किंवा बटण हलवायला लगेच धावू नका. आधी हवा खेळू द्या. आर-१३४ए असेल तर आगीची ही भीती नाही. फार जुन्या फ्रीजमध्ये आर-१२ सापडतो; ओझोनमुळे १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानुसार तो भारतासारख्या देशांत २०१० पासून बंद झाला. तसा फ्रीज गळला तर माझं मत सरळ आहे, भंगारात द्या.

तेलही जागेवर, गॅसही शाबूत आणि तरी फ्रीज थंड होत नाही, असंही विदर्भात होतं. फ्रीजच्या लेबलवर हवामानाचा वर्ग असतो. त्यात टी म्हणजे ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, एसटी ३८ पर्यंत, एन ३२ पर्यंत. टिनाच्या छपराखालच्या खोलीत, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या फ्रीजने मे महिन्याच्या दुपारी दोन तासांत पाणी गार करावं ही अपेक्षा जास्तच आहे. मागे वीतभर जागा सोडा, संध्याकाळची वाट बघा. शेतीपंप सुरू असताना व्होल्टेज पडतं त्या फिडरवर तर कंप्रेसर सुरूच होत नाही. त्याचा दोष गॅसला देतात.

आता नेताना काय करायचं. आदल्या दिवशी फ्रीज बंद करून दार उघडं ठेवा, बर्फ आपोआप वितळू द्या. घाई असेल तर आत कोमट पाण्याचं भांडं ठेवा, पण सुरीला हात नको. काचेचे कप्पे काढून गोधडीत गुंडाळा, मागच्या ट्रेमधलं पाणी सांडून टाका, दार कापडी पट्टीने किंवा सुतळीने बांधा. दोन दारांचा फ्रीज पन्नास किलोच्या पुढेही जातो, तेव्हा तीन माणसं हवीत, आणि हात खालून, बुडाला. "मागं हात नको लावू गा" हे एकाने सतत ओरडत राहिलं तरी चालेल. वायरही धरून ओढायची नाही; ती कंप्रेसरपाशीच जाते.

गाडीत फ्रीज केबिनच्या पाठीला टेकवून उभा. मध्ये गादी, मग नाडा आवळायचा, पण गाठ कोपऱ्यावर येऊ द्या. बाजूच्या पत्र्याच्या मधोमध दोर करकचून आवळला तर पत्रा दबतो, आणि आत नळ्या असतात. पायऱ्यांवर कलवावा लागतो, तेवढं चालतं, ४५ अंशांच्या पुढे नको. गाडीचं छत ठेंगणं असेल आणि आडवा घालण्यावाचून गत्यंतर नसेल तर कुशीवर घाला, पाठीवर किंवा दारावर कधीही नाही. कंप्रेसरच्या नळ्या ज्या बाजूने बाहेर पडतात ती बाजू वर ठेवा म्हणजे तेल त्यांत कमी शिरेल. आणि किती वाजता आडवा केला ते लक्षात ठेवा, नव्या घरी तितकं थांबायचं आहे. तोवर पाण्याला माठ आहेच. नव्या घरात फ्रीजच्या आधी माठ पोचवावा, हे कोणालाही पटेल.

एक दिवस उभा ठेवला, पुरेसं व्होल्टेज होतं, तरी जाळी गार आणि फ्रीझर कोरडा, तर मेकॅनिकला बोलवा. तो आल्या आल्या सिलेंडर जोडायला लागला तर त्याला थांबवा आणि विचारा, गळती कुठे आहे? नायट्रोजन भरून, साबणाचा फेस लावून जागा सापडली पाहिजे. मग जोड पक्का, फिल्टर ड्रायर (नळीतला ओलावा आणि कचरा अडवणारी छोटी डबी) नवा, व्हॅक्यूम पंपाने नळ्या रिकाम्या, आणि शेवटी लेबलवर लिहिला आहे तितकाच गॅस, काट्यावर मोजून. आर-६००ए असेल आणि नळ्यांतला गॅस बाहेर काढून न टाकता तो नळी जोडायचा ज्वालेचा टॉर्च पेटवायला लागला, तर काम तिथेच थांबवा आणि दुसरा माणूस बघा.